अंगठ्याची नोकरी

पहिला आठवडाभर गिटारला हात लावायचा नाही, असं सरांनी बजावलं तेव्हा माझी गिटार घरी येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. नारिंगी रंगाची, पोटातून पोकळ, छातीवर व्हायोलिनसारखी दोन वळणदार भोकं असलेली. एक्कावन्नाव्या वर्षी हौसेने घेतलेली अशी वस्तू माणूस मांडीवर घेऊन बसणार नाही तर काय करणार? पण सर ऐकेनात. म्हणाले, "टेबलावर नुसता अंगठा वाजव. एक-दोन-तीन-चार. बातम्या बघताना वाजव, बसमध्ये वाजव, घरच्यांशी बोलताना वाजव. बोलता बोलता अंगठा थांबला नाही की मग ये. आधी तुझ्या अंगठ्याला नोकरी लागू दे. बोटांचे छंद नंतर."

सर वांद्र्याला राहतात, मूळचे गोव्याचे. उमेदीची वर्षं हॉटेलांतल्या बँडमध्ये गेली, आता सत्तरी उलटली आहे. नाव छापू नकोस म्हणाले, म्हणून छापत नाही. मी त्यांच्याकडे गेलो तो एकच हट्ट घेऊन: मला रॉकाबिली वाजवायचंय. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "का?" या प्रश्नाला मी तेव्हा दिलेलं उत्तर एवढ्यात सांगण्यासारखं नाही. पुढच्या दीड वर्षात जे सापडलं ते मात्र सांगतो.

रॉकाबिली हा शब्दच मुळात शिवीच्या जवळचा. 'रॉक' आणि 'हिलबिली' यांचा सांधा. अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलखातल्या गरीब गोऱ्यांना शहरी लोक हिलबिली म्हणायचे, आपल्याकडे 'गावंढळ' म्हणावं तसं. ज्यांच्या संगीताला हे नाव चिकटलं त्यांतल्या अनेकांना ते आवडत नसे. काळ्यांचं ब्लूज आणि गोऱ्यांचं कंट्री एकाच गाडीत बसलं आणि गाडी वेगात सुटली, इतकंच समजून घेतलं तरी पुरे. ही गाडी पुरत्या वेगात धावली ती चार-पाच वर्षंच.

तिची सुरुवात नेमकी कधी झाली यावर वाद घालणारे घालतात. शिकणाऱ्याला मात्र एक तारीख पाठ असावी लागते: ५ जुलै १९५४, सोमवारची रात्र. टेनेसी राज्यातलं मेम्फिस शहर, ७०६ युनियन अ‍ॅव्हेन्यू. सॅम फिलिप्स नावाच्या माणसाने १९५० मध्ये तिथे एक लहानसा स्टुडिओ उघडला होता. लग्न असो की अंत्यविधी, काहीही आणि कुठेही ध्वनिमुद्रित करून देऊ, अशी त्याची जाहिरात असे. त्या रात्री आत तिघंच होते. गायला एकोणीस वर्षांचा एल्विस प्रेस्ली, उभ्या बासवर बिल ब्लॅक, इलेक्ट्रिक गिटारवर बावीस वर्षांचा स्कॉटी मूर. ड्रम नव्हताच. संथ प्रेमगीतं वाजवून झाली, जमेना. मधल्या सुट्टीत एल्विसने उड्या मारत आर्थर क्रूडपचं एक जुनं ब्लूज गाणं सुरू केलं, बिल ब्लॅक त्यात शिरला, मागोमाग स्कॉटी. काचेपलीकडून सॅमने डोकं बाहेर काढून विचारलं, हे काय चाललंय? आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावलं. 'दॅट्स ऑल राइट' ते हेच.

ही हकिगत हजार वेळा सांगून झाली आहे, आणि सांगणारे बहुतेक एल्विसकडे बघत सांगतात. मी स्कॉटीकडे बघतो. ड्रम नाही, पियानो नाही, दुसरी इलेक्ट्रिक गिटार नाही. एल्विस आपल्या साध्या गिटारवर झाडू मारल्यासारखा ताल धरतोय, बिल ब्लॅक बासची तार ओढून लाकडावर आपटतोय आणि त्यातूनच ढोलाचं काम काढतोय. बाकी सगळी पोकळी एका माणसाने भरायची. खर्ज त्यानेच, स्वरमेळ त्यानेच, मधली सुरावटही त्यानेच. स्कॉटीने ती भरली, कारण त्याच्या अंगठ्याला नोकरी होती.

खरीखुरी नोकरी तर सगळ्यांनाच होती. स्कॉटी नौदलातून परतल्यावर भावांच्या ड्राय-क्लीनिंगच्या दुकानात टोप्यांना आकार द्यायचा. बिल ब्लॅक फायरस्टोनच्या टायर कारखान्यात. एल्विस एका इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचा ट्रक चालवायचा. थोड्याच दिवसांनी याच स्टुडिओत आलेला कार्ल पर्किन्स वाटेकरी शेतमजुराचा मुलगा, लहानपणी कापूस वेचलेला, पुढे जॅक्सन गावातल्या पाव-बेकरीत कामाला. रॉकाबिलीचे आद्यपुरुष म्हणून ज्यांच्या तसबिरी लावतात ते सगळे त्या काळी ड्यूटी संपवून वाजवणारे लोक होते. हौशी हा शब्द आपण जरा खालच्या आवाजात उच्चारतो. इथे तो मूळ पुरुषांनाच लावावा लागतो.

आता अंगठा.

स्कॉटीने तो उचलला मर्ल ट्रॅव्हिस आणि चेट अ‍ॅटकिन्स यांच्याकडून. ट्रॅव्हिस १९१७ साली केंटकी राज्यातल्या म्यूलेनबर्ग परगण्यात जन्मला. कोळशाच्या खाणींचा मुलूख. तिथे एक वादनपद्धत रुजली होती. अंगठ्यात नखी घालून खर्जाच्या दोन तारांवर आळीपाळीने ठोके देत राहायचे आणि वरच्या तारांवर तर्जनीने गाणं वाजवायचं. ट्रॅव्हिस हे मोझ रेगर आणि आइक एव्हर्ली यांच्याकडून शिकला. रेगर खाणीत काम करायचा आणि केस कापायचा. एव्हर्लीही खाणकामगार, पुढे एव्हर्ली ब्रदर्स म्हणून गाजलेल्या दोघा भावांचा बाप. या दोघांच्या आधी केनेडी जोन्स, आणि जोन्सच्याही आधी आर्नल्ड शुल्ट्झ (१८८६-१९३१) नावाचा काळा वादक, जो खाणीत आणि नदीवर राबून पोट भरायचा.

इथे मला थांबावंसं वाटतं. शुल्ट्झबरोबर नाचाच्या कार्यक्रमांत साथीला जाणाऱ्या पोरांपैकी एक होता बिल मन्रो, पुढे ब्लूग्रासचा जनक म्हणवला गेलेला. एल्विसच्या त्या पहिल्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला मन्रोचंच गाणं आहे, 'ब्लू मून ऑफ केंटकी'. मुळात ते संथ, तीन मात्रांचं. या तिघांनी त्याला चार मात्रांत घालून पळवलं. म्हणजे एका बाजूला मिसिसिपीच्या काळ्या क्रूडपचं गाणं, दुसऱ्या बाजूला केंटकीच्या गोऱ्या मन्रोचं, आणि दोन्हीकडे वाजणारा अंगठा ज्या नदीकाठून आला तिथे तो एका काळ्या मजुराच्या हातात होता. क्रूडप आपल्या गाण्यांच्या हक्काच्या पैशांसाठी झगडत राहिला आणि १९७४ मध्ये गेला. शुल्ट्झच्या वादनाची एकही तबकडी नाही. ज्याच्यापासून सगळे शिकले तो आपल्याला ऐकायलाच मिळत नाही.

चेट अ‍ॅटकिन्सची गोष्ट याच्या उलट, म्हणजे त्याने ऐकलं पण चुकीचं. टेनेसीत जन्मलेला हा पोरगा वडिलांकडे जॉर्जियात राहत होता. रात्री रेडिओवर सिनसिनाटीचं स्टेशन लागायचं आणि त्यावर ट्रॅव्हिस वाजवायचा. चेटने समज करून घेतला की हा अंगठ्याबरोबर दोन किंवा तीन बोटं वापरत असणार, आणि तसं बसवत गेला. ट्रॅव्हिस वापरत होता एकच बोट. खरं कळेपर्यंत चेटची तीन बोटांची स्वतःची पद्धत तयार झाली होती, आणि पुढे तीच जगभर गेली. सरांना ही गोष्ट फार आवडते. माझी एखादी सुरावट चुकली की म्हणतात, "चेट झालास काय रे?" आणि लगेच, "नाय झाला. परत वाजव."

तर टेबलावरचा आठवडा संपला आणि गिटार हातात आली. ई-कॉर्ड धरला की अंगठा सहाव्या आणि चौथ्या तारेवर आळीपाळीने पडला पाहिजे. ए-कॉर्डला पाचव्या आणि चौथ्या. तळहाताची कड घोडीवर हलकीच टेकवायची, म्हणजे खर्जाच्या तारा दबून 'बूम-बूम' न करता 'ठुक-ठुक' करतात. टेकवणं जरा जास्त झालं की तार मुकी होते, जरा कमी झालं की शेजारचे दार वाजवतात. हे एकट्याने दोन दिवसांत येतं. तेव्हा माणसाला वाटतं, हात्तिच्या.

मग पहिलं बोट आत येतं आणि घर कोसळतं. बोटाने ठोक्यावर तार छेडली तर ठीक, दोन ठोक्यांच्या मध्ये छेडायची म्हटली की अंगठा बोटामागे धावतो. त्याला वाटतं आपल्यालाच बोलावलं. पेटीवर डावा हात भाता हलवतो आणि उजवा सूर काढतो, तिथे निदान दोन हात आहेत. इथे एकाच पंजाची वाटणी करायची. भाऊबंदकी म्हणतात ती हीच. तीन आठवडे माझा अंगठा बोटांच्या नादी लागत राहिला. मेट्रोनोम साठवर लावून, म्हणजे सेकंदाला एक ठोका इतक्या कंटाळवाण्या लयीत, मी एकच कॉर्ड वाजवत बसायचो. आई आतल्या खोलीत असते, पंच्याऐंशीची आहे. एकदा बाहेर येऊन बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आमची आई जात्यावर असंच करायची. हात दळायचा, तोंड ओवी म्हणायचं. हाताकडे बघितलंस तर ओवी चुकते आणि ओवीकडे लक्ष दिलंस तर दळण जाडं पडतं." मग काय करायचं, असं विचारलं तर म्हणाली, "रोज दळायचं."

सरांना हे सांगितलं. ते दिवसभर खूश होते.

उरलेलं व्याकरण तसं आटोपशीर. बारा मोजांचा, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा तुकड्यांचा, ब्लूजचा साचा: चार मोजा ई, दोन ए, पुन्हा दोन ई, मग एक बी-सेव्हन, एक ए, आणि शेवटच्या दोन घरी परत ई. निम्मं रॉकाबिली या एवढ्या अंगणात नांदतं. लय सरळ नसते, झुलती असते. एका मात्रेचे तीन भाग करायचे आणि मधला गाळायचा. कॉर्डमध्ये सहावा स्वर मिसळला की तो जुना, किंचित मिस्कील रंग येतो. गाण्याचा शेवट अशा कॉर्डवर केला की वाजवणाऱ्याने टोपी जराशी तिरपी केल्यासारखं वाटतं. स्कॉटीचं १९५५ मधलं 'मिस्टरी ट्रेन' हे सगळ्या विद्यार्थ्यांचं मुक्कामाचं ठिकाण. ऐकायला अगदी सोपं. मला त्याचं पहिलं मिनिट बसवायला पाच महिने लागले.

आणि तरी तो आवाज येईना. सूर बरोबर, लय बरोबर, पण आवाज माझ्या दिवाणखान्याचा. गोम प्रतिध्वनीत होती. सॅम फिलिप्सकडे अ‍ॅम्पेक्सची दोन टेप-यंत्रं होती. गाणं एकावर मुद्रित होत असतानाच तो तेच दुसऱ्या यंत्रातून फिरवायचा. त्या यंत्रात आवाज नोंदवणारं डोकं आणि वाजवणारं डोकं यांच्यात थोडं अंतर असतं, तेवढं कापायला फितीला क्षणभर लागतो. तो क्षणभर मागे पडलेला आवाज मूळ आवाजात मिसळला की एकच, ठळक पडसाद येतो. याला म्हणतात स्लॅपबॅक. विहिरीत हाक मारल्यावर येतो तसा विरत जाणारा हा घुमारा नाही, भिंतीवर चेंडू आपटून हातात परत यावा तसा.

मी गणित मांडलं. अंतर दोन इंच आणि फितीचा वेग सेकंदाला १५ इंच धरला तर आवाज मागे पडतो साधारण १३३ मिलिसेकंदांनी. आता मिनिटाला १५० ठोक्यांची लय घ्या, रॉकाबिलीला शोभणारी. एक मात्रा ४०० मिलिसेकंदांची. तिचे तीन भाग केले तर प्रत्येक १३३ चा! म्हणजे झुलत्या लयीसाठी मात्रेतला जो मधला भाग वादक गाळतो, नेमका तोच पडसाद भरून काढतो. प्रत्येक गाण्याची लय काही १५० नसते, पण त्याच्या आसपास गेलं की यंत्र आपल्याबरोबर वाजवायला लागतं. हे उमगलं त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी सरांना फोन केला. ते म्हणाले, "गणित बरोबर. आता पडसाद बंद कर आणि मूळ आवाज सुधार." माझ्या अंगठ्याची प्रत्येक चूक आता दोनदा ऐकू येत होती, हे त्यांच्या आधीच लक्षात आलं होतं.

खुद्द स्कॉटीचीही अडचण झाली होतीच. पडसाद स्टुडिओत राहायचा, गावोगावच्या कार्यक्रमांत तो कुठून आणणार? इलिनॉय राज्यातल्या कैरो गावच्या रे बट्सने अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातच फितीचा पडसाद बसवला होता, नाव 'इकोसॉनिक'. चेट अ‍ॅटकिन्सकडे तो होता. स्कॉटीने १९५५ मध्ये एक घेतला. असे अ‍ॅम्प बट्सने शंभरही बनवले नाहीत. आज तेच काम पायाखालची वहीएवढी डबी करते आणि ती चालू-बंद करताना मला उगाच अपराध्यासारखं वाटतं.

तारांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण बोटांचं रक्त तिथेच निघतं. तेव्हाच्या तारा जाड, तिसरीलाही धातूचा वेढा असलेल्या. कार्ल पर्किन्सबद्दल सांगतात की लहानपणी तार तुटली की नवी घ्यायला पैसे नसत, म्हणून तो गाठ मारून तीच चढवायचा. गाठीवरून बोट घसरवलं तर कापायचं, मग घसरवण्याऐवजी तो तार जागीच ओढून सूर चढवायला लागला. सतारीवर मींड घेतात तसा. पर्किन्सला गिटारचे पहिले धडे शेतावर त्याच्याबरोबर राबणाऱ्या जॉन वेस्टब्रुक या काळ्या म्हाताऱ्याने दिले. पुढे १९५६ च्या मार्चमध्ये, त्याचं 'ब्लू स्वेड शूज' हे गाणं जोरात असताना, न्यू यॉर्कच्या टीव्ही कार्यक्रमाला जाताना डेलावेअरमध्ये डोव्हर गावाजवळ त्याच्या गाडीला अपघात झाला आणि ऐन भरातला तो घास हुकला. एडी कॉक्रनने तर जाड तिसरी तार काढून तिथे बिनवेढ्याची बारीक तार बसवली. १९६० च्या दौऱ्यात इंग्लंडच्या पोरांनी हे बघितलं आणि उचललं. त्याच दौऱ्याच्या शेवटी मोटार अपघातात तो एकविसाव्या वर्षी गेला.

मी हट्टाने जाड तारा लावल्या. पहिल्या पावसाळ्यातच त्यांच्यावर तांबूस बुरशीसारखा गंज धरला. मुंबईच्या जुलैत पोकळ गिटार म्हणजे दमेकरी माणूस: लाकूड ओल पितं, मान वाकते, रोज सकाळी सूर वेगळाच. त्यात माझ्या गिटारला बिग्सबी आहे, तारा एकदम ढिल्या-ताठ करून सूर थरथरवणारा दांडा. पॉल बिग्सबी हा मूळचा मोटारसायकलींच्या कारखान्यातला कारागीर. मर्ल ट्रॅव्हिसच्या गिटारवरचा तसला जुना दांडा दुरुस्त करायला घेतला आणि शेवटी स्वतःचाच नवा घडवला. दिसायला देखणा, पण एकदा दाबला की गिटार बेसूर. ती सुरात आणायला मी एका दुकानात नेली तर तिथल्या मुलाने सल्ला दिला, "काका, तो दांडा फक्त शोभेला ठेवा." आता मी सिलिका जेलच्या पुड्या गिटारच्या पेटीत ठेवतो आणि तारा दर महिन्याला बदलतो. आईला हा खर्च पटत नाही.

या सगळ्यांत माझा लाडका कोण, तर क्लिफ गॅलप. जीन व्हिन्सेंटच्या ब्लू कॅप्समधला. १९५६ च्या मे महिन्यात ते नॅशव्हिलला 'बी-बॉप-अ-लूला' मुद्रित करायला गेले तेव्हा या गावाकडच्या पोरांना जमेल न जमेल म्हणून निर्मात्याने तिथले कसलेले स्टुडिओवादक तयार ठेवले होते. गॅलपने वाजवायला सुरुवात केली आणि त्या वादकांची गरजच संपली. अंगठा आणि तर्जनीत चपटी नखी, पुढच्या दोन बोटांत घालायच्या नख्या, आणि करंगळी बिग्सबीच्या दांड्यावर. पाचही बोटं कामाला! एवढं करून हा माणूस त्याच वर्षी बँड सोडून घरी परतला. लग्न झालेलं, सततचा प्रवास नको होता. पुढे व्हर्जिनियातल्या चेसापीकच्या शाळाखात्यात इमारतींची देखभाल आणि वाहतूक बघण्याची नोकरी केली आणि गावातल्या गावात वाजवत राहिला. १९८८ मध्ये वारला. त्याच्या मोजक्या महिन्यांतल्या वादनावर जेफ बेकसारख्या गिटारवादकाने १९९३ मध्ये 'क्रेझी लेग्ज' नावाचा अख्खा अल्बम केला, जवळपास सूर न् सूर तसाच लावून. शाळांचे नळ आणि बसगाड्या बघणारा गॅलप कार्यालयातून निघून घरी गिटार काढत असेल ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

स्कॉटीने तर गिटारच ठेवून दिली होती. दौऱ्यावर असताना आठवड्याला २०० डॉलर आणि घरी असताना १००, यावरून १९५७ मध्ये तो आणि बिल ब्लॅक एल्विसपासून वेगळे झाले. १९६८ च्या टीव्ही कार्यक्रमात तो एल्विसबरोबर शेवटचा बसला, आणि मग जवळपास २४ वर्षं ध्वनिमुद्रणाच्या कामात गेली. १९९२ मध्ये पर्किन्सनेच त्याला एका तबकडीसाठी परत वाजवायला बसवलं. चोवीस वर्षांनी अंगठा जागेवर होता का, हे मी त्या तबकडीत कान देऊन शोधलं. होता.

आपल्याकडे हे वारं आलं ते सिनेमातून. 'आशा' हा चित्रपट १९५७ चा, आणि त्यातलं 'ईना मीना डीका' करणारे सी. रामचंद्र म्हणजे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे राम चितळकर. त्या गाण्याच्या निरर्थक शब्दांत कोकणी मिसळलं गेलं ते त्यांचे गोवेकर सहाय्यक जॉन गोम्स यांच्यामुळे, असं सांगतात. नोटेशन वाचणाऱ्या गोवेकर वादकांशिवाय त्या काळातलं रॉक अँड रोल मुंबईत उभंच राहिलं नसतं. ते रॉकाबिली होतं असं म्हणणं ओढूनताणून होईल. माझ्या कानावर तो खणखणीत, तार तोडून टाकील असा गिटारचा टणत्कार पहिल्यांदा पडला तो मात्र 'गुमनाम'मधल्या 'जान पहचान हो'ने. १९६५ चा सिनेमा, मी तो दूरदर्शनवर लहानपणी पाहिला. सरांच्या "का?"ला मी दिलेलं उत्तर हेच होतं. ते त्यावर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

परवा दीड वर्ष झालं. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून 'मिस्टरी ट्रेन' वाजवत होतो, मेट्रोनोमशिवाय. दुसरं मिनिट चालू होतं आणि बोटं कधी नव्हे ती आपापल्या जागी पडत होती. आतून आईने विचारलं, "दुधाखालचा गॅस बंद केलास का रे?"

"हो," मी म्हणालो. अंगठा थांबला नाही. दूध उतू गेलं.